एकटीला जमेल असं

क्लिअर फोर्क, मिझुरी
३ मे २०१६

प्रिय ओर्फा आत्या,

शनिवारी आमच्या मंगळवारच्या गटाने जुन्या पुस्तकांची विक्री ठेवली होती. चर्चच्या तळघरात तीसेक टेबलं, आणि प्रत्येक टेबलामागे पोरं घरीच शिकवणारी एकेक आई, आपलंच पुस्तक कसं बावनकशी ते सांगणारी. विज्ञानाच्या टेबलांपाशी मी तासभर घुटमळले. एक म्हणाली, "हे घे, यात बायबलप्रमाणे जग सहा दिवसांत झालंय." दुसरी म्हणाली, "तिचं नको घेऊस. माझ्या पुस्तकात जगाला नीट वेळ दिलाय." हॅटी माझी बाही ओढत होती. जग कधी झालं याच्याशी तिला देणंघेणं नाही. बापाबरोबर, डॅरेलबरोबर, ती दुधाच्या टँकरवर जाते, तेव्हा गोठ्यातली दूध गार करायची टाकी आपली आपण कशी चालू-बंद होते, ते तिला हवंय. शेवटी आम्ही लिंबाचा केक विकत घेतला आणि घरी आलो.

पाच पोरं तू घरीच शिकवून मोठी केलीस, तीस वर्षं घरशाळेच्या मासिकात पुस्तकांची आणि संचांची परीक्षणं लिहितेस, म्हणून तुलाच विचारते. हॅटी अकराची आहे. सहावी, सातवी, आठवी अशा तिन्ही वर्षांचं विज्ञान आणि रोबोचं सामान मला आत्ताच निवडून ठेवायचंय. पुस्तक थेट मुलीशी बोलणारं हवं, आईशी नको. शेजारी मोठं माणूस बसायची गरज पडता कामा नये. तारा, मोटर, बॅटऱ्या सगळं खोक्यातच असावं. मधेच "बाजारातून अमुक आणा" नको. रोबोतलं मला काही कळत नाही, डॅरेलला तर टीव्हीचा रिमोटही हॅटीच लावून देते.

बागेत कुदळ मारून मारून पाठ धरली आहे, फार वेळ बसवत नाही, नाहीतर अजून चार पानं लिहिली असती. तू पडद्यावरचं वाचत नाहीस ते बरं आहे. पत्र लिहिताना माणूस जरा विचार करतं.

तुझी,
मार्लिस


कॅन्सस
११ मे

मार्लिस पोरी,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग रागावले. हसण्याचं कारण तो लिंबाचा केक. रागावण्याचं कारण खाली लिहिते.

तीन वर्षांचं सामान एकदम? अगं, अकराव्या वर्षीची पोर बाराव्या वर्षी वेगळीच असते. माझ्या थोरल्याला आज इंजिनं हवी असायची आणि उद्या मुंग्या. पुढल्या वर्षी हॅटीला काय लागेल ते हॅटीलाही ठाऊक नाही, आणि तू आठवीची खोकी रचून ठेवणार! एका वर्षाचं घे. बाकीचं पुढच्या मे महिन्यात बघू, मी काही कुठे पळून जात नाही.

दुसरं म्हणजे, शेजारी कुणी बसायला नको हे काय खूळ? मग घरी कशाला शिकवायचं? शेरीफ माझ्या दारात उभा राहून "बाई, पोरं शाळेत का नाहीत?" विचारत होता, तेव्हा मी स्वयंपाकाच्या टेबलावर दोघांना घेऊन बेडूक फाडत होते. मला तरी कुठे कळत होतं त्यातलं! आईला येत नाही, ती पोराबरोबर चुकते, दोघं मिळून डोकं खाजवतात, यालाच घरशाळा म्हणतात. मुलाच्या हातात खोकं द्यायचं आणि आपण मोकळं व्हायचं, हे म्हणजे पी हळद नि हो गोरी. तसले संच मी ढिगाने पाहिलेत. खोक्यावर चमचमतं चित्र, आत नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. ठोकळे जोडले, गाडी झाली, गाडी भिंतीवर आपटली, संपलं.

तेव्हा तुझ्या अटींची यादी मी बाजूला ठेवली आहे. तुला वेळ नाही का? ते बकरीच्या दुधाचे साबण फार खपायला लागलेत की काय? नीट कारण लिही, मग मी नीट उत्तर देते.

तुझी आत्या,
ओर्फा


क्लिअर फोर्क
२४ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र हॅटीने वाचून दाखवलं. बेडकाच्या जागी ती इतकी हसली की अडखळायची विसरली. पूर्ण वाक्य सलग वाचलं! डॅरेल दारात टोपी हातात घेऊन ऐकत उभा राहिला.

साबण मी मार्चपासून केले नाहीत. आठवड्यातून दोनदा स्प्रिंगफील्डला जावं लागतं, दिवस तिथेच जातो. म्हणून म्हटलं, तिला एकटीला जमेल असं काही असेल तर बघावं. बाकी कारण काही नाही.

एक गोष्ट तुला पूर्वी धड सांगितली नव्हती. तिसरीत आम्ही तिला शाळेतून काढली, ती अभ्यासासाठी नव्हे. बाईंनी नाव विचारलं की "हॅ" वरच तिची गाडी अडायची आणि मागची पोरं तिच्याबरोबर "हॅ-हॅ-हॅ" करायची. नंतर तिने बोलणंच सोडलं. पाच महिने, आत्या. आमच्याशीसुद्धा नाही, फक्त मांजराशी. घरी आणल्यावर हळूहळू बोलायला लागली, कारण इथे कुणी तिचं वाक्य तिच्याआधी संपवत नाही. डॅरेल आठवड्यातले तीन दिवस टँकर घेऊन बाहेर असतो. त्याचं म्हणणं, तुला झेपत नसेल तर शाळेची पिवळी बस सहा चाळीसला आपल्याच फाट्यावर थांबते. तो वाईट नाही, पण त्याला सोपं वाटतं ते तो करतो. घरात तिचं शिक्षण आपलं आपण चालू राहिलं तर त्याला बस आठवणार नाही.

एवढं माझं ऐक. यादी पाठव.

मार्लिस


कॅन्सस
२ जून

मार्लिस,

म्हणजे स्प्रिंगफील्डला नोकरी धरलीस. आडून आडून कशाला लिहायचं? सरळ लिहायचंस. नोकरी करणं पाप नाही, पण घरशाळेची पाटी दारावर ठेवून तू उंटावरून शेळ्या हाकणार असशील, तर मी त्याला हातभार लावणार नाही. अडखळणारं लेकरू बोलायला लागलं ते कशामुळे? पुस्तकामुळे नाही. तू समोर बसून थांबलीस म्हणून. आणि आता नेमकी तूच उठून चालली आहेस.

सोबत एक खोकं पाठवते आहे. तू मागितलंस त्याच्या बरोबर उलटं आहे, मुद्दाम. तारा खोचायची उघडी पाटी, सुट्या तारा, दोन मोटरी, अंतर ओळखणारा डोळा, आणि एक वही, जिच्यातला प्रत्येक पाठ दोघांनी करायचा आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने जोडायचं, मग अदलाबदल. डॅरेलला नाही, तुलाच बसावं लागेल.

मनाला लागेल, पण मी बोलणारच. आई जिवंत असताना पोरीला अनाथासारखं शिकवू नकोस.

ओर्फा


क्लिअर फोर्क
१४ जून

प्रिय आत्या,

खोकं पोचलं. पत्रही पोचलं. पत्र मी तीनदा वाचलं, आणि या वेळी हॅटीला वाचायला दिलं नाही.

नोकरी नाही धरली. स्प्रिंगफील्डला इस्पितळ आहे. पाठ कुदळीने धरलेली नव्हती. स्वादुपिंडात गाठ आहे, यकृतातही पोचली आहे. एप्रिलच्या सुरुवातीला कळलं. डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत, बोलताना माझ्याकडे बघतात. मी विचारलं, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची टर्की मी भाजीन का? ते म्हणाले, या वर्षी टर्की दुसऱ्या कुणाला तरी भाजू द्या.

डॅरेलला माहीत आहे, हॅटीला नाही. तिला पाठीचं औषध चालू आहे असं सांगितलंय. तू कुणाला बोलू नकोस.

तू जे करू नकोस म्हणालीस, नेमकं तेच मी मागत होते. अनाथ पोरीला शिकता येईल असं. आठवीपर्यंत पोचली की ती तेराची होईल, आणखी थोडी घट्ट होईल, मग शाळेत गेली तरी चिरडली जाणार नाही. तेवढी तीन वर्षं मला हवी आहेत. मला मिळणार नाहीत, म्हणून तिच्यासाठी खोक्यांत भरून ठेवायची आहेत.

रागावले नाही. तुला ठाऊक नव्हतं, आणि मीच लपवलं. आता यादी पाठवशील ना?

तुझी,
मार्लिस


कॅन्सस
१८ जून

माझ्या पोरी,

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळं कुटुंब जाणतं, पण या वेळी ती झडली असती तर बरं झालं असतं. ते वाक्य लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. पाकीट बंद करून मी चहा पीत बसले होते. देवाकडे क्षमा मागितली आहे, तुझ्याकडे मागायला तोंड नाही. तरी मागते.

तुझं पत्र आल्यापासून कपाटं उघडून बसले आहे. सगळे संच स्वयंपाकघरात मांडले आणि अकरा वर्षांची एकटी मुलगी आहे असं समजून एकेक करून पाहिला. चष्मा, भिंग, कान सगळं लावून. विज्ञानाचं काम सोपं झालं. तीन भागांची एक पुस्तकमाला आहे, पहिल्यात द्रव्य, दुसऱ्यात सजीव, तिसऱ्यात आकाश. लिहिणारा माणूस पोरांशी चुलत्यासारखा गप्पा मारतो, प्रयोगाला मीठ, सोडा, कोबीचं पान एवढंच लागतं. पूर्वी मी तिच्यावर "जरा बडबडी" असा शेरा मारला होता. आता तीच बडबड मोलाची वाटली. तिन्ही भाग पाठवते.

रोबोंचं मात्र मला तुझ्याशी खोटं बोलवत नाही. ठोकळ्यांचा संच एकटीला जमतो, पण एका दुपारीत संपतो. व्हिडिओवरून शिकवणारा पाहिला. त्यातला तरुण इतका भराभर बोलतो की हॅटीला धाप लागेल. उघड्या पाटीचा संच सगळ्यांत खरा. त्यावर मी दिवा लावायला बसले. एक तार चुकून शेजारच्या भोकात गेली. दोन तास दिवा लागेना. पुस्तकात शोधलं तर लिहिलेलं, "मोठ्या माणसाला तपासायला सांग." मग बाकीचीही चाळली. प्रत्येकात, जिथे यंत्र चालत नाही तिथे, हेच वाक्य आहे. मार्लिस, तीस वर्षं मी परीक्षणाखाली "मूल स्वतः करू शकेल" असं लिहीत आले. एकदाही मी ते एकटीने करून पाहिलं नव्हतं.

तेव्हा असं माणसाशिवायचं खोकं मला कुठे सापडत नाही. माणूस म्हणून मी आहे. खुबा कुरकुरतो, पण गाडी अजून चालवते. बोलाव, मी येते.

आणि मुलीला सांग. पोरांना न सांगितलेलं आधी कळतं.

तुझी ओर्फा


क्लिअर फोर्क
२० जुलै

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. मधले काही दिवस वाईट गेले, त्यांचं वर्णन नको.

चांगले दिवस सांगते. तू मुद्दाम पाठवलेलं ते दोघांचं खोकं आम्ही उघडलं. मी वाचायचं, हॅटीने जोडायचं. अदलाबदल जमली नाही, औषधाने माझ्या बोटांना मुंग्या येतात, फ्रिजमधला डबासुद्धा धरवत नाही, तार काय धरणार. "तू म्हातारी झालीस," हॅटी म्हणाली. मी म्हटलं, "तू वाच मग, मी नुसती हुकूम सोडते." ती वाचायला लागली. एकेका वाक्याला पाच मिनिटं. खिडकीबाहेर किड्यांची किरकिर, डॅरेल नाही, आणि आम्ही दोघी एका चाकावर भांडतोय. गाडी टेबलाच्या कडेला येऊन स्वतःच थांबली तेव्हा आम्ही दोघी ओरडलो. गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी सुखी नव्हते, आत्या. आजारी असताना असं लिहिणं वेडेपणाचं वाटतं, पण खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुला आमच्या मिझुरीचा कायदा माहीत आहे: वर्षाला हजार तास शिकवल्याची नोंद ठेवायची, एक जुलैला नवी वही. आम्ही घरशाळेवाले सगळंच तासांत बसवतो, भाकरी भाजली तर रसायन, कोंबड्या मोजल्या तर गणित. यंदा माझे हात चालत नाहीत म्हणून वही हॅटीकडे दिली. काल सहज उघडली.

"३ जुलै. आईच्या कमरेच्या पंपाचा आवाज. किती सेकंदांनी होतो ते मोजलं. विज्ञान, २ तास."

इस्पितळातून मला तो छोटा पंप लावून घरी पाठवतात, दोन दिवस थेंब थेंब औषध आत जातं. शर्टाखाली असतो. मला वाटायचं कुणाला ऐकू येत नाही.

"७ जुलै. पिशवीवरचं नाव उतरवून घेतलं. ग्रंथालय. हे औषध पाठीचं नाही. विज्ञान, ३ तास."

"८ जुलै. स्वादुपिंड म्हणजे काय. चित्र काढलं. विज्ञान, २ तास."

"९ जुलै. किती लोक बरे होतात. गणित, १ तास."

मी वही घेऊन तिच्या खोलीत गेले. तिने वहीकडे पाहिलं आणि मांजराला उचलून घेतलं. मी म्हटलं, "मला का नाही विचारलंस?" बराच वेळ लागला तिला. मी थांबले. म्हणाली, "म-मी विचारलं असतं, तर तु-तुला सांगावं लागलं असतं."

मग आम्ही दोघींनी सगळं बोलून घेतलं. रडून घेतलं. मी तिच्यासाठी तीन वर्षांचं विज्ञान शोधत होते, आणि ती घरात बसून माझंच विज्ञान शिकत होती.

आत्या, मला एक शब्द दे. मी गेल्यावर डॅरेल तिला त्या बसमध्ये बसवेल. त्याला राग येऊ दे, तू आडवी ये. तिला पुन्हा मुकी होऊ देऊ नकोस. लेखी दे, म्हणजे मी उशाशी ठेवीन.

मार्लिस


कॅन्सस
२५ जुलै

माझ्या मार्लिस,

शब्द दिला. मी, ओर्फा, लिहून देते की हॅटीला मी त्या बसमध्ये चढू देणार नाही. डॅरेलने हट्ट केला तर रस्त्यात खुर्ची टाकून बसेन. शेरीफला घाबरले नाही, तर तुझा नवरा म्हणजे किस झाड की पत्ती.

वहीतल्या त्या चार नोंदी तू लिहिल्यास त्या कागदावर माझ्याकडून चहा सांडला. इतकी वर्षं मी मुलांसाठी विज्ञान निवडत आले. असं कुठल्या मुलाला कधी शिकावं लागू नये.

सगळं आवरून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. माझ्यासाठी काही करू नकोस. उशी घेऊन येईन, मला दुसऱ्याच्या उशीवर झोप येत नाही. हॅटीला सांग, हुकूम सोडायला मी तुझ्यापेक्षा वाईट आहे.

ओर्फा


क्लिअर फोर्क
११ डिसेंबर

प्रिय ओर्फा आजी,

तू कशी आहेस? तुझा खुबा बरा झाला का? आईला जाऊन काल सात आठवडे झाले. तू परत गेल्यावर, चर्चच्या बायकांनी जेवण पाठवलं होतं ती भांडी परत करायला आम्हाला बरेच दिवस लागले. अजून एक निळं भांडं कुणाचं ते कळत नाही.

मला तुला एक सांगायचंय. बोलताना फार वेळ लागेल म्हणून लिहिते.

आईने ठेवलेली सगळी खोकी माझ्या खोलीत आहेत. प्रत्येकावर तिने चिकटपट्टी लावून "सहावी", "सातवी", "आठवी" असं लिहिलंय. आठवीचं अक्षर फार वाकडं आहे, ते तिने सप्टेंबरमध्ये लिहिलं, तू तेव्हा खोकं धरलं होतंस. सहावीचं पुस्तक मी अर्धं केलं. ते चांगलं आहे. लिहिणारा माणूस विनोद करतो आणि मी हसते. मग वर बघते तर आई नसते.

बाबांनी टँकर सोडला. ते म्हणाले, तुझ्या आईला तुझं घरी शिकणं हवं होतं, तर मी घरी राहीन. ते माझ्या समोर बसतात. मी पान उलटलं की विचारतात, "कळलं?" मी मान हलवते. मग ते उठून अंगणात जातात आणि बराच वेळ लाकडं फोडतात. आम्हाला आता वर्षभर पुरतील एवढी लाकडं आहेत. परवा माझी मोटर उलटी फिरायला लागली. मी तार दाखवली, त्यांनी खूप वेळ पाहिली आणि म्हणाले, "तुझ्या आईला कळलं असतं." आईला पण कळलं नसतं, आजी. तिला काहीच कळायचं नाही. पण ती म्हणायची, "चल, दुसरी तार ओढून बघू."

गावातल्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांचा रोबोचा संघ आहे. आठ जण आहेत. ग्रंथालयात त्यांची चिठ्ठी लावली होती. मी बाबांबरोबर जाऊन एकदा बघून आले. आम्ही दारातूनच पाहत होतो. त्यांची गाडी सारखी डावीकडे वळत होती आणि सगळे एकदम बोलत होते. मला कळलं होतं ती का वळते ते. सांगायचं होतं, पण "चाक" म्हणायला "च" निघेना. बाबांनी माझ्याऐवजी सांगितलं नाही, थांबले. पण तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे निघून गेले.

मला जानेवारीपासून शाळेत जायचंय. बाबांनी सांगितलेलं नाही, ते तर नकोच म्हणतात. ते म्हणाले, ओर्फा आत्याने शब्द दिलाय, ती हो म्हणाली तरच. आईच्या उशाखाली तुझं पत्र होतं, ते मी वाचलंय. म्हणून तुला विचारते.

मला भीती वाटते. "हॅ" अजूनही अडकतो. पण घरात आता इतकं शांत असतं की काही दिवस मी बोलतच नाही, आणि मुद्दाम नाही, तसंच होतं. गेल्या आठवड्यात गुरुवारी माझ्या लक्षात आलं की मंगळवारपासून मी फक्त मांजराशी बोलले आहे.

आईला वाईट वाटेल का?

हॅटी


कॅन्सस
१६ डिसेंबर

माझ्या लाडक्या हॅटी,

तुझं पत्र परवा आलं. लगेच उत्तर लिहायला बसले आणि उठले, असं चारदा झालं. म्हणून दोन दिवस उशीर.

खरं सांगते, पहिल्यांदा वाचल्यावर मला तुझ्या बाबांचा राग आला. मग तुझा. मग कागदावर मीच लिहून दिलेल्या शब्दाचा. उभा जन्म मी शाळेच्या नावाने बोटं मोडली. पाच पोरांना तिच्या फाटकाजवळ फिरकू दिलं नाही. आणि तुझ्या आईने आयुष्यात एकच गोष्ट माझ्याकडून लेखी मागितली. ती सप्टेंबरमध्ये बोलायचीसुद्धा थकायची, तरी एकदा माझा हात धरून म्हणाली, "ती बस, आत्या. लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "आहे."

तू विचारलंस, आईला वाईट वाटेल का. वाटेल. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, तुझ्याशी खोटं बोललेलं टिकत नाही हे तुझ्या आईने मला लिहून कळवलंय. तिला फार वाईट वाटलं असतं. मग तुझ्या पत्रातली ती मांजराची ओळ तिने वाचली असती आणि उठून तुझा डबा भरायला घेतला असता. तिला शाळा नको होती असं नाही. तुझं मुकं होणं नको होतं. आम्हा दोघींना वाटलं, ते फक्त शाळेतच होऊ शकतं. चुकलो आम्ही. घरातही होतं. तू म्हणालीस म्हणून कळलं, नाहीतर मी रस्त्यात खुर्ची टाकून बसलेच असते, आणि तू घरात गप्प होत गेली असतीस.

मार्लिसला दिलेला शब्द मी मोडते आहे. हे मी तुझ्या बाबांनाही आजच लिहिते. तो माझा मोडलेला शब्द आहे, तुझा नाही, त्याचं ओझं तू एक दिवससुद्धा वाहायचं नाहीस. त्याचं उत्तर मी तिला भेटेन तेव्हा देईन. फार वर्षं नाही राहिली त्याला.

त्या मुलांपैकी कुणीतरी हसेल. पहिल्याच दिवशी हसेल. तू बोलणं थांबवू नकोस, नाव पूर्ण कर, मग खाली बस. ती गाडी डावीकडे का वळते ते सांगायला एक तास लागला तरी सांग. तुझ्याशिवाय त्यांच्यातल्या कुणाला ते माहीत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मला फोन कर. काय काय झालं ते सगळं मला ऐकायचंय. हवा तेवढा वेळ घे, पोरी. मला कुठेही जायचं नाही.

तुझी,
ओर्फा आजी